पत्र्याखालचा साक्षीदार

माझं तोंड हसरं आहे. कौतुक म्हणून नाही, तक्रार म्हणून सांगतोय. भीती वाटली, लाज वाटली, साहेबाने झापलं, कुणी वारलं, की माझ्या ओठांचे कोपरे आपोआप वर जातात आणि दात दिसायला लागतात. शाळेत असताना हेडमास्तर वारले तेव्हा मला प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढून छड्या मारल्या होत्या, आणि छड्या खातानाही हसतोय म्हणून आणखी मारल्या होत्या. लग्नाच्या दिवशी हे तोंड शोभून दिसलं, तेवढा एक अपवाद. बायको म्हणते, "तुम्ही मयताला जात जाऊ नका. नुसत्या चपला पाठवा."

अशा तोंडाच्या माणसाला खुनाच्या खटल्यात साक्षीदार म्हणून कुणी उभं करू नये. पण दुसरा कुणी नव्हताच.

अंबरनाथला पूर्वेच्या बाजूला आमची बैठी चाळ होती. डोक्यावर सिमेंटचे पत्रे, दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडे माझा दोस्त राहायचा. आम्ही एकाच कंपनीत होतो. तो फिटर, मी स्टोअरमध्ये कारकून. म्हणजे तो मशिनं दुरुस्त करायचा आणि मी त्याला लागणारे नट-बोल्ट स्टोअरमध्ये नाहीत असं सांगायचो. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि एक लहान मुलगी. चाळीत आम्ही बहुतेक सगळी बौद्ध कुटुंबं, त्यामुळे जयंतीची वर्गणी, विहाराची रंगरंगोटी आणि भांडणं, सगळं एकत्रच.

शहरात रंगीत टीव्ही दिसायला लागले आणि जुने काळे-पांढरे स्वस्तात निघाले, तेव्हा मी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून एक सेट घेतला. पेटी एका कंपनीची, आतलं सामान दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचं, आणि काच तिसरीकडची. दुकानात चित्र आरशासारखं दिसत होतं. घरी आणून लावला तर नुसतं पिठाचं वादळ. परत गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "साईं, टीव्ही में कुछ नहीं है. अँटेना ऊपर करो."

आता इथे माझा स्वभाव आडवा आला. आदल्या वर्षी मी नवा रेडिओ आणला होता आणि सगळ्या चाळीला बोलावून मोठ्या थाटात लावला होता. त्यातून नुसती खरखर आली, आणि तेव्हापासून पोरंटोरंसुद्धा मला 'खरखर काका' म्हणायची. म्हणून टीव्हीचं मी कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. चित्र नीट दिसायला लागेल तेव्हाच दार उघडायचं. फक्त दोस्ताला सांगितलं, कारण पत्र्यावर चढायला तोच हवा होता. सिमेंटच्या पत्र्यावर कुठेही पाय दिला तर माणूस खाली येतो. पत्र्याखाली जिथे वासा असतो, जिथून हुक ठोकलेले असतात, त्या रेषेवरच पाय पडला पाहिजे. त्याचा पडायचा. मांजर चालल्यासारखा चालायचा, फक्त टाच जरा घासायची.

बायको माहेरी बदलापूरला गेली होती. संध्याकाळी अंधार पडल्यावर तो मागच्या बाजूने वर चढला. मी दार-खिडक्या लावून आत बसलो. ओरडून सांगितलं असतं तर चाळ गोळा झाली असती, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. कपडे वाळत घालायच्या काठीने मी खालून पत्र्याला एकदा ठोकलं की अँटेना डावीकडे, दोनदा ठोकलं की उजवीकडे. त्याने टाच आपटली की समजलं म्हणायचं. मराठी बातम्या सुरू झाल्या तेव्हा बातम्या देणाऱ्या बाईंना दोन तोंडं होती, मध्येच तीन झाली. मी ठोकतोय, तो टाच आपटतोय, असं बराच वेळ चाललं. बातम्या संपत आल्या तेव्हा बाईंना एकच तोंड राहिलं आणि तेही छान हसरं. तो खाली आला, हात धुतले, माझ्याकडे चहा घेतला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी त्याला उचललं.

आदल्या संध्याकाळी, आम्ही अँटेना फिरवत होतो त्याच सुमाराला, स्टेशनमागच्या गल्लीत आमच्या कंपनीतल्या ठेकेदाराच्या मुकादमाला कुणीतरी सुरा मारला होता. मुकादम जागीच गेला. त्यालाही बायको-मुलं होती. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढच्या सगळ्या वर्षांत आमच्या चाळीत त्याची आठवण फारशी कुणी काढली नाही. थोड्याच दिवसांपूर्वी कंपनीच्या गेटवर दोस्ताचं आणि मुकादमाचं सगळ्यांसमोर भांडण झालं होतं, तेव्हा संशय यायला वेळ लागला नाही. गल्लीच्या तोंडाशी पानाची गादी होती. गादीवाल्याने पोलिसांना सांगितलं की कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस पाठमोरा पळताना पाहिला. निळा शर्ट आमच्या कंपनीत सगळ्यांकडेच होता. माझ्याकडेही होता. पण भांडण त्याचं झालं होतं.

खटला उभा राहिला तोवर बराच काळ गेला होता. गादीवाला साधा माणूस. मी त्याच्याकडून रोज सुपारी घ्यायचो. पिंजऱ्यात उभं राहून त्याने सांगितलं की त्याने आरोपीचं तोंड बघितलं, बल्बच्या उजेडात बघितलं, आणि तो हाच. सांगताना त्याला रडू आलं. तो खोटं बोलत होता असं मला अजूनही वाटत नाही. मधल्या काळात पोलिसांनी, गिऱ्हाइकांनी, मुकादमाच्या नातेवाइकांनी त्याला इतक्यांदा विचारलं होतं, की त्या पाठीला हळूहळू तोंड फुटलं.

मग बचावाकडून मी.

कोर्टात साक्ष कशी घेतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आपण बोलतो आणि ते लिहून घेतात. तसं नसतं. वकील विचारतो, आपण उत्तर देतो, आणि न्यायाधीश ते उत्तर स्वतःच्या शब्दांत टायपिस्टला सांगतात. वकिलाचा प्रश्न त्यात विरघळून जातो आणि सगळं आपणच ओळीने बोललो असं कागदावर उतरतं. हे कळल्यावर मी हरखलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझं बोलणं कुणीतरी टाइप करत होतं. मी खुलवून सांगायला लागलो. रेडिओ, खरखर काका, दुकानदार, बाईंची तीन तोंडं. माझा वकील डोळ्यांनी पुरे म्हणत होता आणि मला ती दाद वाटत होती.

सरकारी वकील उठले. त्यांनी विचारलं, "तुम्ही आरोपीला पत्र्यावर पाहिलं का?"

"पाहिलं नाही साहेब. ऐकलं."

"काय ऐकलं?"

"पाय."

कोर्टात खसखस पिकली. त्यांनी विचारलं की मी पायाच्या आवाजावरून माणूस ओळखतो का. मी म्हणालो, "ओळखतो साहेब. दुसरा कुणी असता तर पत्र्यासकट माझ्या टीव्हीवर आला असता."

पट्टेवालासुद्धा हसला. सगळं कोर्ट हसतंय आणि समोर न्यायाधीश एकटेच माझ्याकडे बघतायत हे दिसलं, आणि मला भीती वाटली. भीती वाटली की माझं तोंड काय करतं ते वर सांगितलंच आहे. पुढचा सगळा वेळ मी दात दाखवत उभा होतो. जितकी भीती वाढली तितके जास्त दात. आरोपीचा पिंजरा माझ्या मागच्या बाजूला होता. दोस्ताला तिथून फक्त माझी पाठ आणि लोकांचं हसणं, एवढंच मिळालं असेल.

शेवटी सही करायला कागद समोर आला. त्यावर लिहिलं होतं: 'मी आरोपीस प्रत्यक्ष पाहिले नाही. त्याच्या पावलांच्या आवाजावरून तो पत्र्यावर असल्याचे मला समजत होते. मराठी बातम्या चालू असताना मी केलेल्या प्रत्येक खुणेस त्याने प्रतिसाद दिला. बातम्या संपण्याच्या सुमारास चित्र स्थिर झाले. हे म्हणणे खरे नाही की, आरोपी माझा शेजारी असल्याने मी खोटी साक्ष देत आहे.' वाचून वाटलं, कुणीतरी शहाण्या माणसाने साक्ष दिलेली दिसते. सही केली. त्याच कागदांत न्यायाधीशांनी आपला एक शेराही लिहून ठेवला होता, तो मला निकालाच्या दिवशी समजला. 'साक्षीदार साक्ष देताना सतत हसत होता.'

निकालात माझ्यासाठी मोजकीच वाक्यं होती. हा साक्षीदार आरोपीचा मित्र आहे, त्याने आरोपीला पाहिलेलं नाही, आणि त्याच्या वागण्यावरून त्याला शपथेचं गांभीर्य होतं असं वाटत नाही. गादीवाल्याची साक्ष मात्र स्वाभाविक आणि मनापासूनची. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर दोन माणसं आली, एक रडणारा आणि एक हसणारा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही रडणाऱ्याचंच ऐकलं असतं. दोस्ताला जन्मठेप झाली.

हायकोर्टात अपील दाखल झालं आणि तिथल्या ढिगात जाऊन बसलं. जामीन मिळाला नाही. वहिनी उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे आणायच्या आणि घरी बसून पँटींचे सुटे धागे कापायच्या. बोटांना कायम निळा रंग. मुलगी शाळेतून आली की तीही कात्री घेऊन बसायची. शाळेत पोरं तिला काय म्हणायची ते आम्हाला माहीत होतं. ती घरी सांगायची नाही, पण माझा मुलगा त्याच वर्गात होता.

मी तुरुंगात भेटायला गेलो होतो, वहिनींबरोबर. जाळीपलीकडे तो, अलीकडे आम्ही, आणि माझं तोंड पुन्हा तसंच. मी हाताने झाकलं. तो म्हणाला, "हात काढ रे. हसलास म्हणून काही नाही. त्या दिवशी लोक हसत होते तेव्हा माझंही डोकं जरा हलकं झालं होतं." मग टीव्हीचं विचारलं. मी म्हटलं, कुणी लावतच नाही. तर रागावला. "लाव. पावसाने वायर सडेल. कुणाला तरी वर चढव." कुणाला चढवणार, ते त्याने सांगितलं नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता तो गेला. कावीळ झाली, तुरुंगाच्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात हलवलं, आणि निरोप आला तो थेट मयत नेण्याचाच. अपील तोवर सुनावणीला आलंच नव्हतं.

आमच्याकडे पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली की जमलेल्यांपैकी एकेकजण उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. चांगलंचुंगलं आठवतो. कसा शिकला, कुणाच्या अडीअडचणीला धावला, जयंतीत लेझीम कशी खेळायचा. माणूस कसाही असो, त्या दिवशी त्याच्याबद्दल बोलतात. मीही तयारी करून गेलो होतो. विहारात सतरंजी भरली होती. वंदना झाली. पुढे बसलेल्या कार्यकर्त्यांनी विचारलं, कोण बोलणार. कुणी उठेना. जन्मठेपेत गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं हेच कुणाला सुचत नव्हतं. माझं तोंड तर हसायला लागलं होतं, म्हणून मीही उठलो नाही. बऱ्याच वेळाने कंपनीतला एक वयस्क सहकारी उठला. भला माणूस. म्हणाला, कामाला वाघ होता, रागाच्या भरात एखाद्याच्या हातून होतं, झालं ते झालं, आपण आता त्याचं चांगलं तेवढंच घ्यावं.

वहिनी उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "बसा दादा. आज कुणीच बोलू नका. निकाल लागल्यावर बोला."

आणि त्या खाली बसल्या. लोक खीरदानाची खीर घेऊन उठून गेले. माझं भाषण माझ्याकडेच राहिलं.

आता निकाल कसला लागायचा, असं मला वाटलं. कायद्यातलं आपल्याला कळतं असा त्या काळी माझा पक्का समज होता. एकदा साक्ष दिली होती ना. दोनच दिवसांनी मी वहिनींना समजावायला बसलो. माणूस गेला की अपीलही त्याच्याबरोबर जातं, फाइल बंद होते, आता तुम्ही त्रास करून घेऊ नका, असं बरंच काही. चांगलं तासभर समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्यापुढे चहा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मलाच बरोबर घेऊन मुंबईला वकीलबाईंकडे गेल्या. या बाई दोस्ताला सरकारतर्फे मिळाल्या होत्या. वयाने तरुण, बोलायला तुटक. त्यांनी सांगितलं, बहुतेक वेळा अपील माणसाबरोबर संपतं हे खरं. पण शिक्षा झालेला माणूस अपील चालू असताना गेला, तर त्याची बायको, मुलं, आईबाप, असं जवळचं कुणीतरी महिन्याच्या आत कोर्टाला विनंती करू शकतं, की हे आम्हाला पुढे चालवू द्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. माझं ऐकलं असतं तर तो महिना उलटून गेला असता.

वहिनींचे दीर म्हणाले, आता कशाला उकरायचं. चाळीत दोघा-तिघांनी सांगितलं, पोरीच्या लग्नाचं बघा. जिंकून तरी कोण परत येणार होतं? वहिनींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, आणि तेही एकदाच. "माणूस गेला. त्यांच्यावर लिहिलेलं तसंच आहे."

परवानगी मिळाली आणि पुन्हा वाट बघणं सुरू झालं. चाळीतली माणसं हळूहळू बदलापूरला, चिखलोलीच्या बाजूला, नव्या इमारतींतून राहायला गेली. वहिनी तिथेच राहिल्या. विहारात जायच्या, सगळ्यांच्या पुण्यानुमोदनाला जायच्या, शेवटपर्यंत बसायच्या. लोक दुसऱ्यांच्या माणसांबद्दल बोलायचे ते ऐकून यायच्या.

नव्वद उलटल्यावर एकदा तारीख लागली. आणि इथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मन लावून केलेली मूर्खपणाची गोष्ट केली. मला वाटलं, वरच्या कोर्टात सगळं पुन्हा पहिल्यापासून होणार. मला पुन्हा पिंजऱ्यात उभं करणार. या वेळी चूक करायची नाही. मी आरशासमोर सराव सुरू केला. ओठ आत ओढायचे, जीभ टाळूला लावायची, आणि दुःखाचं काहीतरी आठवायचं. दुःखाचं आठवलं की हसू यायचं, म्हणून मग पगारवाढीचं आठवायला लागलो, तर तोंड गंभीर व्हायचं. बायकोने हे कितीतरी दिवस बघितलं आणि शेवटी म्हणाली, "अहो, पोट बिघडलंय का?" मिशी काढली, कारण मिशीमुळे हसू रुंद दिसतं असं मला वाटत होतं. पांढरा शर्ट इस्त्री केला. गाडीत मी कुणाशी बोललो नाही, तोंड तयार करून ठेवलेलं बिघडेल म्हणून.

हायकोर्टात उंच छताच्या खोलीत दोन न्यायाधीश बसले होते. मी पिंजरा शोधला. पिंजरा नव्हता. वकीलबाईंच्या हातात एक जाडजूड बांधलेला गठ्ठा होता, तसाच एकेक न्यायाधीशांपुढे. खालच्या कोर्टातले सगळे जबाब, साक्षी, निकाल त्यात टाइप करून घातलेले. वरचं कोर्ट साक्षीदार बोलवत नाही, ते वाचतं. हे मला तिथे, शेवटच्या बाकावर, गंभीर तोंड करून बसल्यावर कळलं. त्या तोंडाकडे दिवसभरात एकानेही पाहिलं नाही.

बोलणं इंग्रजीत चाललं होतं. काही मला तिथे समजलं, बाकीचं बाईंनी नंतर सांगितलं. ते सारखं 'डीडब्ल्यू वन, डीडब्ल्यू वन' म्हणत होते. डीडब्ल्यू वनने असं म्हटलंय, डीडब्ल्यू वनवर कितपत विश्वास ठेवायचा. बराच वेळ मी त्या माणसाबद्दल वाईट वाटून घेत होतो. मग बातम्यांचा उल्लेख आला आणि लक्षात आलं की बचावाचा पहिला साक्षीदार, म्हणजे डीडब्ल्यू वन, मीच.

सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की साक्षीदार कसा बोलला, कसा उभा राहिला, हे खालच्या न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्यापुढे फक्त कागद आहे. तेव्हा त्यांच्या मताला मान द्यायला हवा. ज्येष्ठ न्यायाधीश म्हणाले, मान देऊच. पण हसणं म्हणजे उत्तर नव्हे. काही माणसं खोटं बोलताना हसतात, काही घाबरल्यावर हसतात, आणि यातला हा कोणता ते कागदावरून सांगता येत नाही, खरं तर पिंजऱ्यातही सांगता आलं नसतं. तेव्हा तो काय म्हणाला ते बघू. आणि आरोपीच्या बाजूचा साक्षीदार आहे म्हणून त्याच्यासाठी तराजू वेगळा नाही.

मग ते पानं उलटत राहिले. फार वेळ. गादीवाल्याचा पोलिसांपुढचा पहिला जबाब एका पानावर, कोर्टातली साक्ष दुसऱ्या पानावर. पहिल्यात पाठ, दुसऱ्यात तोंड. तो मधला फरक त्यांनी मोठ्याने वाचला. आणि मग धाकट्या न्यायाधीशांना गादीवाल्याच्या साक्षीत एक वाक्य सापडलं. ते तिथे पहिल्यापासून होतं आणि आमच्यापैकी कुणालाच कधी दिसलं नव्हतं: शेजारच्या हॉटेलातल्या टीव्हीवर मराठी बातम्या चालू होत्या, तेव्हाच आरडाओरडा झाला. त्यांनी माझं पान उघडलं. तिथेही मराठी बातम्या. फिर्यादी पक्षाच्याच साक्षीदाराने खुनाची वेळ सांगितली होती, आणि त्याच वेळी दुसरा साक्षीदार शपथेवर म्हणत होता की आरोपी माझ्या डोक्यावर चालतोय, खुणेला उत्तर देतोय. स्टेशनमागची गल्ली आमच्या चाळीपासून पळत जाऊन येण्याइतकी जवळ नव्हती.

माझ्या बाजूला वहिनी बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या पानांच्या आवाजाकडे कान लावून होत्या.

निकाल पुढच्या तारखेला आला. शिक्षा रद्द. बाहेर व्हरांड्यात बाईंनी मराठीत समजावलं, आणि समजावता समजावता म्हणाल्या की आरोपीला संशयाचा फायदा देऊन निर्दोष ठरवलंय.

वहिनींनी विचारलं, "म्हणजे संशय अजून आहे?"

बाई म्हणाल्या की कायद्याची भाषा तशी असते. कोर्टाला तो निष्पाप होता की नाही हे ठरवायचं नसतं, गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध झाला की नाही एवढंच बघायचं असतं. झाला नाही. त्यापुढे कुठलंच कोर्ट जात नाही. वहिनींनी मान हलवली. समजल्याची होती की पटल्याची, ते मी ओळखू शकलो नाही. बाई मला वहिनींबरोबर येणारा शेजारी म्हणूनच ओळखत होत्या; मी म्हटलं, तो डीडब्ल्यू वन मी. त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. "अच्छा, ते हसणारे तुम्ही? मला वाटलं होतं म्हातारे असाल."

त्या महिन्यातच विहारात कार्यक्रम ठेवला. वहिनींनी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं. बदलापूरला गेलेल्यांनाही सांगितलं. थोडे आले. बरेच जण त्याच्याबरोबर काम केलेले राहिलेच नव्हते, काही गावी गेले, काहींच्या कंपन्या बंद पडल्या. बाकी नवी भाडेकरू माणसं, त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. मुलगी आता मोठी झाली होती. आईशेजारी पाठ ताठ करून बसली होती. तिला बाप आठवत होता तो जाळीपलीकडचा.

वंदना झाली. कोण बोलणार म्हणून विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक होतं. एवढी वर्षं मी त्याच्याचबद्दल बोलत होतो.

मी उभा राहिलो. म्हणालो, "तो माझा शेजारी होता. आम्ही एकाच कंपनीत कामाला होतो. त्या दिवशी संध्याकाळी..." आणि थांबलो. पुढचं सगळं मला पाठ होतं. पत्रा, काठी, बातम्या, चहा. वकिलांना सांगितलेलं, कोर्टात सांगितलेलं, नाक्यावर, लग्नांत, गाडीत सांगितलेलं. त्याच्या आधीचा तो मी शोधायला गेलो आणि काही हाताला लागेना. तो हसायचा कसा? मला हाक काय मारायचा? कशावर चिडायचा? एवढ्या वर्षांत ती एक संध्याकाळ मी इतक्यांदा घासूनपुसून ठेवली होती की बाकीच्या संध्याकाळी कुठे गेल्या ते कळलंच नव्हतं. मी सतरंजीकडे बघत उभा. तोंड अर्थातच हसरं.

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भाऊजी, ते तुम्हाला पोहायला शिकवायला बारवीच्या धरणावर न्यायचे. ते सांगा."

मला पोहता येत नाही. बारवीला मी गेलोय, पण त्याच्याबरोबर गेल्याचं मला आठवत नव्हतं. शिकवायला दुसऱ्या कुणाला नेलं असेल आणि वहिनींना मी वाटलो असेन, किंवा खरंच मला नेलं असेल आणि मी विसरलो असेन. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "न्यायचा. सुट्टीच्या दिवशी. मी काठावरच बसायचो, पाण्याची भीती वाटायची. तर त्याने एकदा मला आत ढकललं, आणि मागोमाग स्वतः उडी मारली. मानेला धरून वर काढलं. मी रागावलो तर म्हणाला, आता भीती गेली ना? आणि स्वतःच्या टॉवेलने माझं डोकं पुसून दिलं."

लोक ऐकत होते. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. कुणी विचारलं नाही की वर्ष कोणतं, तुम्ही किती खोल पाण्यात होतात, दुसरं कोण हजर होतं.

"टॉवेल नव्हता," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतक्या वर्षांत मी तसा ऐकला नव्हता. "लुंगी होती. निळ्या चौकड्यांची. ओली घेऊन घरी आले होते."

"बरोबर," मी म्हणालो. "लुंगीच होती."